हल्ल्याचं हरवलेलं पान

हल्ला करायला मी पुस्तकातून शिकलो, आणि त्या पुस्तकात एक पान नव्हतं. एवढं सांगून थांबलो तरी चालण्यासारखं आहे. पण लोक थांबू देत नाहीत. ऑफिसात रोज कुणीतरी नव्याने विचारतं, "त्या दिवशी तुम्हाला झालं तरी काय होतं?" म्हणून एकदाच काय ते सांगून टाकतो आणि पुन्हा माझ्या फायलींकडे वळतो.

मी अभिलेख कक्षात आहे. निकाली निघालेल्या फायली आमच्याकडे येतात आणि पुन्हा कुणी मागितल्या तर सापडत नाहीत. या खोलीत मधल्या सुट्टीत बुद्धिबळ चालायचं. पट आमच्या हेडक्लार्कचा, म्हणजे अण्णांचा. त्यांनी घरून आणलेला, जुन्या लाकडाचा, सोंगट्यांच्या बुडाला हिरवं मखमल लावलेला. पाच मिनिटांत डबा उरकून उरलेली पंचवीस मिनिटं मी अण्णांसमोर बसायचो, आणि अकरा वर्षांत मी त्यांच्याकडून एकदाही हरलो नव्हतो. जिंकलोही नव्हतो. माझी पद्धत साधी होती. राजाला हत्तीच्या आड कोपऱ्यात नेऊन बसवायचं, त्याच्यापुढे प्याद्यांचं कुंपण घालायचं आणि घंटा होईपर्यंत काहीही करायचं नाही. घंटा झाली की डाव बरोबरीत. ऑफिसात मला 'बरोबरी' म्हणतात ते यामुळेच, आणि मी ओ द्यायलाही लागलो होतो.

मग अण्णांच्या निवृत्तीला दोन महिने उरले, आणि त्यांनी एक दिवस सोंगट्या डब्यात भरता भरता जाहीर केलं, "मी जायच्या आधी मला जो हरवेल, त्याचा हा पट. कुणी नाही हरवलं, तर मी घरी घेऊन जाणार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाकीचे अण्णांपुढे दहा मिनिटंही टिकत नसत. आमचे आवक-जावकवाले, जे स्वतः कधी खेळत नाहीत पण प्रत्येक चालीवर मत देतात, ते म्हणाले, "बरोबरी, आता काहीतरी करा बुवा. पट गेला तर सुट्टीत आम्ही एकमेकांची तोंडं बघायची का?"

खरं सांगतो, माझा जीव होता त्या पटावर. दिवसभरात लोक मला फायलीचा नंबर विचारतात, त्यापलीकडे काही नाही. घरीही मला विचारून काही ठरतं असं नाही. त्या पंचवीस मिनिटांत मात्र समोर बसलेला एक शहाणा माणूस कपाळाला आठ्या घालून, हा आता काय करील, असा माझ्याबद्दल विचार करत असायचा. मी काहीच करणार नसायचो ही गोष्ट वेगळी. पण विचार तर व्हायचा.

घरी मी हे सांगितलं तेव्हा बायको कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "अहो, रिक्षावाला चुकीच्या वळणाने निघाला तरी तुम्ही गप्प बसता. तुम्ही हल्ला करणार?"

मुलगी म्हणाली, "बाबा, लायब्ररीतून पुस्तक आणा ना." ती नववीत आहे आणि तिच्या मते जगातली प्रत्येक अडचण ही न केलेला अभ्यास असते.

म्हणून मी लायब्ररीत गेलो. बुद्धिबळावर त्यांच्याकडे एकच पुस्तक होतं, जाडजूड आणि पिवळं पडलेलं. त्यात 'हल्ला कसा करावा' असं एक प्रकरण होतं. प्रकरणात एकच डाव होता, पण सटीक, म्हणजे प्रत्येक चालीखाली लेखकाच्या टिपा. हा लेखक मोठा उत्साही गृहस्थ होता. "येथे पांढरा उंट आनंदाने मरण पत्करतो." "येथे भित्रा मनुष्य मागे फिरेल. आपण फिरू नये." मी ते वाचून दोनदा पाणी प्यायलो. पांढऱ्याने काळ्या राजाच्या शेजारचं कडेचं प्यादं उंटाने मारायचं, राजाने तो उंट मारायचा, मग घोड्याने शह, मागून वजीर, असा तो सगळा दंगा होता. माझ्या आयुष्यात मी फुकट उंट कधी दिला नव्हता. उंट सोडा, मी शेजाऱ्यांना शिडीसुद्धा विचार करून देतो.

रोज दोन चाली, असा मी नेम धरला. ज्या दिवशी बाविसाव्या चालीपर्यंत आलो, त्या दिवशी पान एकशे सोळाच्या तळाला वाक्य होतं: "आता काळा राजा उघड्यावर आहे, आणि पुढे काय होते हे वाचकाने क्षणभर स्वतः शोधावे. उत्तर पुढील पानावर." पुढचं पान एकशे एकोणीस होतं, आणि त्यावर प्याद्यांच्या शेवटच्या खेळाचं नवीन प्रकरण सुरू झालं होतं.

क्षणभर शोधायला सांगितलं होतं, मी तीन दिवस शोधलं. मग लायब्ररीत गेलो. ग्रंथपाल बाई काउंटरवर शिक्के मारत होत्या.

"पान फाटलंय," मी म्हटलं.

"तुम्ही फाडलंत?"

"मी कशाला फाडू? मला तेच हवंय."

त्यांनी खणातून एक छापील अर्ज काढला. फाटलेल्या पानाची नोंद, दोन प्रतींत. नाव, सभासद क्रमांक, पान क्रमांक, आणि शेवटी लिहिलं होतं: 'सोबत फाटलेले पान जोडावे.'

मी म्हटलं, "बाई, पान नाही म्हणून तर अर्ज करतोय."

"पान जोडल्याशिवाय पान फाटलंय हे सिद्ध कसं होणार?"

"पुस्तकात नाहीये ना ते."

"पुस्तकात नाही ते हरवलेलं पान. त्याचा अर्ज वेगळा, आणि तो सध्या छापून आलेला नाही." त्या तशा स्वभावाने वाईट नव्हत्या. "अर्धवट पुस्तक मला परत घेता येत नाही, आणि तक्रार केलीत म्हणून मुदत वाढवून देता येत नाही. तुम्ही तोवर ठेवा जवळ."

"माझ्या आधी हे कुणी नेलं होतं?"

त्यांनी कार्ड पाहिलं. "एकच सभासद. चार वेळा नेलंय. नाव सांगायचा नियम नाही."

चार वेळा! माझ्यासारखा कुणी दुसरा दुर्दैवी जीव या गावात आहे, या विचाराने मला थोडं बरं वाटलं. मी पानाशिवायच अर्ज भरून दिला आणि पुस्तक पिशवीत घालून घरी आलो.

मग मी ठरवलं, बावीस तर बावीस. बावीस चाली पाठ करू, पुढचं पुढे. सरावाला मुलीला समोर बसवलं. मी उंट आनंदाने मरणाच्या दारात नेऊन ठेवला. तिने बाजूचं प्यादं सरकवलं.

"अगं, उंट मार ना!"

"मला नकोय."

"पुस्तकात काळा मारतो."

"पुस्तकातल्याला हवा असेल. मला त्यात काहीतरी गडबड वाटते."

तिला मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, पण तिने उंट घेतला नाही. शेवटी बायको बसली. तिला सोंगट्या कशा चालतात हे ठाऊक नव्हतं, पण मी सांगेन ती सोंगटी सांगेन तिथे ठेवायला ती तयार होती. सलग नऊ डाव मी तिच्यावर तुफानी हल्ला केला. दहाव्याला ती म्हणाली, "मीच माझं वाटोळं करून घ्यायचं आणि वर तुम्ही खूश व्हायचं, हे लग्नात चालतंय तेवढं पुरे नाही का?" आणि उठून कपड्यांना इस्त्री करायला गेली.

ही बातमी जिन्यात पोचली. आमच्या वरच्या मजल्यावर दंतवैद्य राहतात. ते मला पिशवीसकट अडवून म्हणाले, "काय, हल्ला शिकताय म्हणे? अहो, पुस्तकात काही नसतं. पेशंट तोंड उघडतो तेव्हा जो डॉक्टर विचार करत बसतो, त्याचा पेशंट पळतो. धरायचं आणि ओढायचं. आणि सवय अंगात मुरावी लागते. पटावर वाघ आणि ऑफिसात मांजर, असं चालत नाही. आधी ऑफिसात एक हल्ला करून बघा."

मी नको तिथे लोकांचं ऐकतो. ऑफिसात हल्ला करण्यासारखं माझ्याकडे एकच प्रकरण होतं: माझी खुर्ची. तिचा एक पाय सूतभर आखूड आहे. सहा वर्षांपूर्वी ती माझ्या वाट्याला आली तेव्हा मी डुलत डुलत काम करायचो. ते बघवेना म्हणून अण्णांनी स्वतःच्या खणातला एक कागद काढून त्याची घडी घातली, पायाखाली सारली, आणि आमचं सगळ्यांचं समाधान झालं. आता मात्र मी भांडारशाखेला कडक पत्र लिहिलं. 'सदर खुर्ची सहा वर्षे सदोष असून याउपर सहन केली जाणार नाही.' 'याउपर' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला.

भांडारशाखेने तिसऱ्या दिवशी प्रतिहल्ला केला. दोन माणसं आली आणि तपासणीसाठी खुर्ची उचलून घेऊन गेली. नवीन कधी, असं विचारलं तर म्हणाले, "तपासणीचा अहवाल आल्यावर. अहवाल समिती देते. समिती अजून नेमायची आहे." तोवर मला कँटीनमधलं एक बुटकं स्टूल मिळालं. त्यावर बसलं की टेबल माझ्या हनुवटीला लागायचं. मी फायली वाचतोय की फायलींमागे लपलोय हे येणाऱ्यांना कळत नसे, आणि बुद्धिबळाच्या वेळी पट वरून दिसायच्या ऐवजी सोंगट्या समोरून अंगावर येताना दिसायच्या. आवक-जावकवाले म्हणायचे, "बरोबरी, जवळून बघायची सोय झाली की!"

अशा थाटात अण्णांचा शेवटचा दिवस उजाडला. भाषणं झाली, हार झाला. मधल्या सुट्टीत पट मांडला गेला आणि भोवती अख्खं ऑफिस जमलं. अण्णा म्हणाले, "आज घंटेचं बंधन नाही. डाव संपेपर्यंत खेळू. साहेबांना विचारून ठेवलंय." अकरा वर्षं माझा सगळा बचाव त्या घंटेवर उभा होता.

पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे आल्या. मी पहिली चाल पुस्तकातली केली. अण्णांनीही पुस्तकातली केली. दुसरी, तिसरी, तशीच. मला वाटलं, माझं दैव फिरलं! दहावी चाल झाली, बारावी झाली, आणि मी उंट उचलून आनंदाने मरायला पाठवला. खोलीत कुणीतरी 'अरे अरे' म्हणालं. अण्णांनी उंट मारला. मुलगी नाही मारत, पण अण्णा मारतात, ते पुस्तकात लिहिल्यासारखं खेळतात, असा मला अभिमान वाटला. घोडा गेला, शह दिला, वजीर पोचला. आवक-जावकवाले काहीही न बोलता बघत होते, आणि हे त्यांच्या नोकरीत प्रथमच घडत होतं. बाविसावी चाल मी केली आणि स्टुलावर ताठ बसलो.

तिथे माझं ज्ञान संपलं. आता मात्र अण्णा ज्ञानाच्या बळावर पुढे जाणार आणि माझा बोजवारा उडणार, असं धरून मी वाट पाहू लागलो. पण अण्णा हलेनात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

शेवटी ते पुढे वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "एकशे सतरा?"

मी म्हटलं, "तुमच्याकडेही नाही?"

"ते पान माझ्याच हातात सुटून आलं हो. चिकटवावं म्हणून ऑफिसात आणलं, वाचायच्या आधीच कुठे गेलं देव जाणे. मग तीनदा ते पुस्तक आणलं, म्हटलं लायब्ररीने दुसरं पान लावलं असेल." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरोबरी घ्या. डाव छान झाला. बरोबरी घ्या, आणि पट मी इथेच ठेवून जातो. सगळ्यांसाठी."

खोलीत टाळ्या सुरू झाल्या. आवक-जावकवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. अकरा वर्षं मी दुसरं काही म्हटलंच नव्हतं. पट वाचत होता, माझा लौकिक वाचत होता, आणि अण्णांचाही. पण माझ्यासमोर काळा राजा उघड्यावर बसला होता, आणि आता काय करायचं हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. आणि मी फार थकलो होतो. खेळून नाही, बरोबरी करून.

"नाही," मी म्हटलं. "खेळू या."

टाळ्या थांबल्या. अण्णांनी राजा एक घर सरकवला, आणि मी स्वतःच्या डोक्याने तेविसावी चाल केली. ती वाईट होती. चोविसावी त्याहून वाईट होती. तिसाव्या चालीला माझे घोडे संपले, चौतिसाव्याला वजीर गेला, आणि एकेचाळिसाव्याला मी हरलो. अण्णांनी मला नमस्कार केला. ठरल्याप्रमाणे पट डब्यासकट हाराच्या पिशवीत गेला, आणि अण्णा घरी गेले.

त्यानंतर आवक-जावकवाले माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. बोलले तेव्हा म्हणाले, "हातचा पट घालवलात." टायपिस्ट बाई म्हणाल्या, "एवढी वर्षं बरोबरी करत होतात, नेमकी त्याच दिवशी काय खाज आली?" घरी बायको मात्र रागावली नाही. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि विचारलं, "नाही म्हणालात? तुम्ही? स्वतः?" असं तिने तीन वेळा विचारलं.

पाचव्या दिवशी भांडारशाखेने खुर्ची परत पाठवली. अहवालावर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं होतं. मला सही करायला जी यादी दिली, तीत लिहिलं होतं: 'खुर्ची, नग एक. कागद, घडी घातलेला, नग एक.' भांडारशाखेला खूप नावं ठेवली जातात, पण आलेली वस्तू तिथून गहाळ होत नाही. मी सही केली आणि घडी उलगडली. पायाच्या दाबाने कागदाला भोक पडायच्या बेतात होतं, पण वरचा आकडा स्वच्छ दिसत होता. एकशे सतरा.

सहा वर्षं मी त्या पानावर बसून होतो.

मी उभ्या उभ्या वाचलं. लेखकाचा उत्साह जराही कमी झालेला नव्हता. "वाचकाने शोधलेच असेल की, येथून पुढे जाण्याचा प्रयत्न केल्यास पांढरा निश्चित हरतो. म्हणून दोन्ही खेळाडूंनी या क्षणी बरोबरी मान्य केली. असा हा हल्ल्याचा आदर्श नमुना!"

त्या संध्याकाळी मी पान खिशात घालून अण्णांच्या घरी गेलो. दार त्यांच्या सुनेने उघडलं. "बरं झालं आलात," ती हळूच म्हणाली. "बाबा पाच दिवस एकटेच दोन्ही बाजूंनी खेळताहेत, आणि दोन्ही बाजूंनी चिडताहेत."

अण्णा खिडकीजवळ पट मांडून बसले होते. मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग घडीच्या खुणांवरून बोट फिरवलं आणि वर पाहिलं.

"खुर्ची?"

"खुर्ची," मी म्हटलं.

"म्हणजे मी बरोबरी देऊ केली, तेव्हा तुम्ही हो म्हणाला असता तर डाव अगदी पुस्तकाबरहुकूम झाला असता."

"हो. माझं चुकलंच. पटही गेला."

"छे हो," अण्णा म्हणाले. "मग बाविसाव्या चालीपर्यंत तो पुस्तकवाला खेळला, आणि पुढेही तोच खेळला असता. तेविसाव्यापासून तुम्ही खेळलात. अकरा वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी चष्मा काढला. "फार वाईट खेळलात."

"हो."

"मला घरी येऊन तोच डाव आठवतोय रोज." त्यांनी सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या. "शनिवारी सुट्टी असते ना तुम्हाला? येत जा. इथे घंटा होत नाही."

मी पांढऱ्या बाजूला बसलो आणि राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सारलं. तेवढ्यात माझी खुर्ची डुलली. अण्णांनी वाकून तिच्या पायाकडे पाहिलं, इकडेतिकडे काही सापडेना, मग हातातल्याच पानाची जुन्या घड्यांवर घडी घातली आणि खाली सारली.

खुर्ची घट्ट बसली. लायब्ररीतला माझा अर्ज मात्र अजून अपुरा आहे. सोबत फाटलेले पान जोडलेले नाही.